डाव्या दाराचा लाइट

दुकान झाडलं की रोज सूपभर वायरचे तुकडे निघतात. काल झाडलं होतं, आज पुन्हा तेवढेच. किस्से पण असेच साचतात. कारण सोपं आहे. गाडीची सीट बाहेर काढली, डॅशबोर्ड उघडला, की मालकाला जाता येत नाही. तो स्टुलावर बसतो. अन गाडी उघडी पडली की माणूसही उघडा पडतो! मी काही विचारत नाही. माझं डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दुकानाबाहेर. तरी कानात जायचं ते जातंच.

मी चौथी नापास. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. शेजारी हमीदभाई सीट कव्हर शिवतो. मधे भिंत एक, दुपारचा डबा एकत्र, भांडण रोज.

माझ्या दुकानाचे नियम दोन. पहिला, चपला बाहेर. माझा बाप सांगून गेला, जिथं पोट भरते तिथं चपलेनं जायचं नाही. हमीदभाई म्हणतो, "नाना, लोहे का चुरा अंदर अन चप्पल बाहर! दुनिया में ऐसी उल्टी दुकान नहीं!" पण काढतो. अन आत शिरायच्या आधी बाहेरचे जोड मोजतो. "चार जोड! मतलब आज नाना की चार जन से लडाई चालू है!"

दुसरा नियम, ज्याचं दार त्याचा लाइट. तो पुढं कळेल.

*

हल्ली लोकांना गाडीत पायाशी लाइट पाहिजे. डॅशबोर्डच्या खाली LED ची पट्टी चिकटवायची. दार उघडलं की लागते, लावलं की विझते. कोणाला निळा पाहिजे, कोणाला जांभळा. पायाला काय रंग कळतो? पण पाहिजे.

एकदा एक वकीलसाहेब आले. नवी गाडी, चकचकीत बूट. मी म्हटलं, "बूट बाहेर."

"अहो, मी वकील आहे."

"मंग काय झालं? बूट वकील नाई."

काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर! हमीदभाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "साहेब, पायाशी लाइट लावतो, पन पहिले मोजे घ्या. नाई तं सगळ्यायले दिसन!"

साहेबांना राग आला. मग म्हणाले, कुठलंही दार उघडलं तरी दोन्हीकडचे लाइट लागले पाहिजेत. मी म्हटलं, माझ्या दुकानात नाही. उजवं दार उघडलं तर उजवा, डावं उघडलं तर डावा.

"का पण?"

"उतरनाराले खालची जमीन दिसली पाह्यजे. बसलेल्याच्या डोयात उजेड कायले?"

साहेबांनी अर्धा तास युक्तिवाद केला. मी म्हटलं, "कोर्टात कायदा तुमचा. वायरीत माहा!"

लाइट माझ्याच पद्धतीनं लागले.

*

मागच्या फाल्गुनात एक पिकअप आली. चालवणारा संतोष, पंचविशीचा असेल. संत्री, टरबूज, जो सिझन असेल तो माल अमरावतीकडून अकोल्याला आणतो. म्हणाला, "नाना, पायाशी लाइट लावाचे. डाव्या बाजूनं चांगला ठळक पाह्यजे."

"काहून? तिकडं कोन बसते?"

"कोनी नाई बसत."

मी डावं दार उघडलं. खाली रबरी मॅटवर चपलांचा एक जोड. साध्या, करकर वाजणाऱ्या चामड्याच्या. मी उचलायला हात घातला तर पोरगा ओरडला, "नाना, हात नोका लावू!"

मग सांगितलं त्यानं. गाडी थोरल्या भावाची, दिनकरची. आपल्याकडचे पुष्कळ ड्रायव्हर अनवाणी गाडी चालवतात. समोर देव असतो ना! चढताना चपला काढायच्या, डाव्या बाजूला ठेवायच्या, उतरताना घालायच्या. दिनकरही तसाच. दिवाळीआधी एका दुपारी त्याची पिकअप मूर्तिजापूरच्या पुढं एका निंबाखाली उभी सापडली. चावी जागेवर. संत्री भरलेली. चपला डावीकडं. दिनकर नाही. पोलिसांनी शोधलं, विहिरी पाहिल्या, नातेवाईक पाहिले. काही नाही.

"माय म्हनते, अनवानी गेला, म्हंजे लांब नाई गेला," संतोष म्हणाला. "आला तं त्याले चपला दिसल्या पाह्यजे. म्हनून लाइट."

हमीदभाईनं दोन्ही हातांनी चपला उचलल्या, पेपरवर ठेवल्या. उजवीचा अंगठा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला होता. मी निळी पट्टी लावली, दाराच्या बटणाला जोडली. काम झाल्यावर चपला परत होत्या तिथं.

हमीदभाई दारातच उभा. म्हणाला, "नाना, छे महीने से रखी है. इस पे धूल नहीं है."

मी संतोषकडं पाहिलं.

"माय पुसत असन," तो म्हणाला.

*

आठ दिवसांनी संतोष परत हजर. "नाना, डावा लाइट आपोआप लागते."

"दार लूज लावत असशीन."

"दार लावेलच राह्यते. चालत्या गाडीत लागते. त्या निंबापाशी. भर दुपारी बारा वाजता."

असल्या गोष्टीचा मला लय राग. आयुष्य वायरीत गेलं. लाइट लागतो म्हणजे कुठंतरी तार भेटते. दुसरं काही नसतं. मी म्हटलं, "तिथं रस्त्याले खड्डा आहे. गाडी हादरते, बटन सुटते." बटण बदललं.

चार दिवसांनी पुन्हा. "नाना, आजही."

अर्थिंगची वायर बदलली. जुनी तार काढून सगळी नवी टाकली. पुन्हा आला. या खेपेला हमीदभाईनं मॅट निरखून पाहिली. त्यानंच नवी कापून दिली होती. चपला जागेवर होत्या. अन चपलांच्या मागं, सीटच्या बाजूला, मॅटवर दोन गोल दाबलेले. टाचा टेकून कोणी बसतं ना, तसे.

"इथं कोन बसलं होतं?"

"कोनी नाई. माय बसूच नाई देत."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अबे भैताडा, भुताले बटन दाबता येते काय?"

हमीदभाई हळूच म्हणाला, "नाना, बटन दबता है तब तो लाइट बंद रहता है. दरवाजा खुला, बटन छूटा, तब चालू होता है. भूत को बटन दबाने का काम ही नहीं. सिर्फ दरवाजा खोलने का काम."

मी चाळीस वर्षं ही बटणं लावतोय. अन मला हे सीट शिवणाऱ्यानं शिकवायचं!

*

मग एक दिवस म्हातारी आली. संतोषची माय. ऑटोतून उतरली, चपला बाहेर काढल्या, न सांगता. स्टुलावर बसली. पाणी दिलं, प्यायली नाही.

"भाऊ, फाल्ट सापडला काय?"

"पाहून राहिलो बाई."

"सापडू द्या." तिनं पदर आवळला. "माहा दीर म्हनते, गाडीत दिनू बसून राहिला. गाडीत बसून राहिला म्हंजे गेलाच. आता अक्षयतृतीयेले त्याच्या नावानं पान्याची घागर भरून टाका, म्हनते. बापाच्या रांगेत. मोकया होऊ द्या पोराले, म्हनते."

अक्षयतृतीयेला आपण मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो. जिवंत माणसाच्या नावानं भरली म्हणजे काय, ते सांगायला नको.

"जित्या पोराची घागर भरू काय मी?" ती म्हणाली. "मी म्हनलं, थांबा. वायरिंगवाल्या भाऊले इचारतो. तारीत फाल्ट असन तं माहा दिनू जिता आहे. तारीत फाल्ट नसन, मंग..."

आजवर गिऱ्हाइकं मला म्हणाली, नाना, फाल्ट नाही असं सांगा. ही पहिली बाई, फाल्ट आहे असं सांगा म्हणणारी!

मी म्हटलं, "फाल्ट आहे बाई. तार कुठंतरी घासून राहिली. दोन दिवसात काहाडतो."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "संतोष लय जीव लावते भावाले. रोज चपला पुसून ठेवते."

हमीदभाईची सुई तिथंच थांबली.

*

दोन दिवसांनी मीच पिकअपमध्ये बसलो. म्हटलं, समोर लागू दे, मग पाहतो कुठली तार आहे ती. हातात टेस्टर, पायापाशी चपला. मी डावीकडं. अमरावतीच्या रस्त्यानं निघालो. ऊन असं की डांबर पाण्यासारखं हलत होतं. संतोषनं गाणी लावली होती. मूर्तिजापूर मागं पडल्यावर त्यानं ती बंद केली.

"का रे?"

"असंच."

निंब दिसला. एकटाच. आजूबाजूला वावर मोकळं, माणूस नाही, ढोर नाही. बारा वाजले असतील, झाडाची सावली बुंध्यापाशी गोळा झाली होती. संतोषनं गाडी हळू केली, थांबवली नाही.

माझ्या दोन पायांच्या मधे निळा उजेड पडला.

दार बंद होतं. माझा कोपर दारावर होता, मी सांगतो ना! काच बंद. मी वाकून बटण चाचपलं. दाबलेलं होतं. दाबलेलं बटण अन लाइट चालू! तेवढ्यात बाहेरची झळ आत आली. दार उघडल्यावर येते तशी, डाव्या अंगाला. मग सीट जराशी खाली गेली. लाइट विझला.

मी सरकलो. गिअरपाशी जाऊन बसलो, अंग चोरून.

संतोषनं समोरच पाहत विचारलं, "नाना, काहून सरकले?"

"दारातून गरम लागून राहिलं."

बडनेऱ्यापर्यंत आम्ही दोघं पाऊण सीट सोडून बसलो.

*

आता माझं ऐका. मी भित्रा नाही, पण मूर्खही नाही. अक्षयतृतीया चार दिवसांवर होती. तिकडं दिराचा तगादा, इकडं म्हातारी रोज फोन करून विचारायची, "भाऊ, सापडला काय?"

मी डावा लाइट काढूनच टाकला. पट्टी सोलून काढली, तार मुळापासून कापली. डाव्या दाराला आता काहीच नाही. पट्टी माझ्या बाकावर ठेवली. मग भंगाराच्या डब्यात हात घातला, एक जळलेलं बटण शोधलं. काळं ठिक्कर, कुठल्या जुन्या जीपचं. ते घेऊन हमीदभाईसोबत म्हातारीच्या घरी गेलो. दीरही बसला होता, मिशीवाला.

मी बटण त्याच्यासमोर ठेवलं. "हा घ्या फाल्ट. हे आतून जळेल होतं. म्हनून लाइट लागे."

दिरानं बटण उलटंपालटं केलं. "हे त्याच गाडीचं?"

"मंग काय माह्या घरचं? चाळीस वर्षं झाले मले या धंद्यात. तुमाले तारीतलं समजते काय?"

वायरिंगवाला इतक्या जोरात बोलला की लोक मानतात. दिरानं बटण खाली ठेवलं. म्हातारीनं बटण घेतलं, कपाळाला लावलं अन देवापाशी नेऊन ठेवलं. आजही तिथंच आहे. रोज त्याला हळदकुंकू लागतं. जीपच्या बटणाला!

परत येताना हमीदभाई म्हणाला, "नाना, झूठ बोले तुम."

"हाव."

"अच्छा बोले."

त्या माणसानं मला चांगलं म्हटलेलं तेवढंच एकदा.

*

अक्षयतृतीयेला मी दुकान उघडं ठेवलं होतं. घरी बसून काय करणार? सुनेनं आंब्याचा रस अन पुरणपोळीचा डबा दिला. हमीदभाईही आला. दुपार तापलेली, गल्लीत कुत्रं नाही. गिऱ्हाईक तर नाहीच.

जेवण झालं. मी हात धुवायला बाहेर आलो. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या, टायरच्या. त्यांच्या बाजूला हमीदभाईची सँडल. अन त्यांच्या बाजूला तिसरा जोड.

साध्या, चामड्याच्या. नीट जवळजवळ लावलेल्या, तोंड दुकानाकडं. माणूस काढून आत येतो तशा. गल्लीत बोटभर फुफाटा. माझ्या चपला पांढऱ्या झालेल्या. त्या जोडावर धूळ नव्हती.

मी हमीदभाईला हाक मारली. तो आला. सवयीनं त्याची नजर खाली गेली. ओठ हलले. मोजत होता. मग त्यानं मान वळवून दुकानात पाहिलं.

बाहेर तीन जोड. आत माणसं आम्ही दोघं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. संतोष होता. निंबापाशी उभा होता, इथून तास-सव्वा तासाच्या वाटेवर. "नाना, लाइट तं तुमी काहाडला, तरी आज जीव नाई राह्यला. मी उतरून पाह्यलं. चपला नाई! अमरावतीहून निघालो तवा होत्या. दार बंद होतं, कुठंच थांबलो नाई."

"मायले सांगतलं?"

"सांगतलं. लाइनवर घेतो तिले."

म्हातारी लाइनवर आली. हसत होती की रडत होती, कळेना. "भाऊ! चपला घालून गेला माहा दिनू! मेलेल्या मानसाले चपला कायले लागते? आता अनवानी नाई थो. आता येते घरी, पाह्यजा तुमी." थांबली. मग म्हणाली, "आज घागर नाई भरली मी. बरं केलं ना?"

माझ्यासमोर त्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, पांढऱ्या दोऱ्यानं. तो मी फाल्गुनात पेपरवर पाहिला होता.

"हाव माय," मी म्हटलं. "बरं केलं."

फोन ठेवला. आम्ही दोघांनी उंबऱ्यातून पाहिलं. आत स्टूल रिकामं होतं. नेहमी भिंतीपाशी असतं. आता बाकाजवळ होतं, जिथं मी पट्टी ठेवली होती.

हमीदभाई एरवी दिवसभर टिवल्याबावल्या करतो. हळू बोलला, "नाना, घर आए को पहले पानी पूछते हैं."

मी माठातून लोटाभर पाणी काढलं. लोटा स्टुलापाशी ठेवला. नाव घेतलं नाही. कोणाचंच नाही.

मग ती निळी पट्टी उचलली. बाकावरच्या बॅटरीला दोन तारा लावल्या, लांब सोडल्या, अन पट्टी उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवली. वर बाराचं ऊन, खाली तेवढासा निळा उजेड.

हमीदभाई म्हणाला, "दिन में, नाना?"

मी म्हटलं, "उतरनाराले खालची जमीन दिसली पाह्यजे."